विम्याच्या कागदाबाहेर राहिलेला गर्भपात

आरोग्य विम्याची कुठलीही साधी पॉलिसी उघडून 'कशाचे पैसे मिळणार नाहीत' ही यादी पाहा. त्यात अठराव्या सांकेतिक क्रमांकाला मातृत्व हा मथळा सापडेल. विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, सप्टेंबर २०१९ मध्ये वगळायच्या बाबींची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी करून दिली. तेव्हापासून हे कलम पॉलिसीमागून पॉलिसीत त्याच शब्दांत छापले जाते. बाळंतपण साधे असो की सिझेरियन, खर्च मिळणार नाही. गर्भ आपोआप पडला तर मिळणार नाही, अपघाताने पडला तर मिळेल. आणि कायद्याच्या चौकटीत राहून डॉक्टरांकडून करवून घेतलेल्या गर्भपाताचाही खर्च मिळणार नाही. गर्भनलिकेत राहिलेला गर्भ तेवढा अपवाद. १ एप्रिल २०२० पासून मिळू लागलेल्या 'आरोग्य संजीवनी' या सर्वसामान्यांसाठीच्या पॉलिसीतही हीच अट आहे.

जोयडा तालुक्यात बसून हे कलम वाचले की आधी वाटते, याच्याशी इथल्या बाईचा संबंध काय? उत्तर कन्नड जिल्ह्यातला हा तालुका क्षेत्रफळाने मोठा आणि वस्तीने विरळ. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या जेमतेम अर्ध्या लाखाच्या आसपास होती. काळी नदीचे खोरे, काळी व्याघ्र प्रकल्पाचे जंगल, सुपा धरणाचे पाणी आणि त्या सगळ्यात विखुरलेल्या कुणबी, मराठा, गौळी वाड्या. धरणात जुने सुपे गाव बुडाले आणि तिथल्या अनेकांनी रामनगरात नवे घर थाटले. अशा ठिकाणी खासगी मेडिक्लेम काढलेली घरे बोटांवर मोजण्याइतकी. पण इथली माणसे कामाला जातात दांडेलीच्या कागद कारखान्याकडे, बेळगावला, पुण्याला आणि अनमोड घाट उतरून गोव्याच्या औद्योगिक वसाहतींत. तिथे पगारातून कुठला ना कुठला विमा कापला जातो. घरी राहिलेल्यांकडे बीपीएल रेशन कार्ड आणि आयुष्मानचे कार्ड असते. म्हणजे कागदावर विमा जोयड्यापर्यंत पोचलेला आहे. तो गर्भपाताच्या वेळी कामाला येतो का, एवढेच पाहायचे.

त्याआधी कायदा, कारण त्याबद्दलचे गैरसमज अजून फार आहेत. १८६० च्या दंडसंहितेने गर्भपात हा गुन्हा ठरवला होता; तेव्हाचे कलम ३१२, आता भारतीय न्याय संहितेत कलम ८८. त्या गुन्ह्यातून वाट काढणारा कायदा १९७१ साली झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. त्यामागे शांतिलाल शहा समिती होती. शहा हे महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री, आणि त्यांच्या समितीने १९६६ च्या अखेरीस अहवाल दिला. चोरून होणाऱ्या गर्भपातांत बायका मरतात, ही त्या अहवालामागची मोठी चिंता होती. आमच्या भाषेत ही चिंता त्याहून जुनी आहे. १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते ज्या विधवांना गरोदरपण लपवण्यापलीकडे वाट नव्हती त्यांच्यासाठीच.

२०२१ मध्ये या कायद्यात मोठा बदल झाला आणि तो २४ सप्टेंबर २०२१ पासून अमलात आला. आता वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते. वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टरांचे मत लागते, आणि तेही ठरावीक स्त्रियांसाठी: बलात्कार किंवा नात्यातल्या अत्याचाराला बळी पडलेली, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा झालेली किंवा घटस्फोट झालेली, अपंग, मानसिक आजार असलेली, गर्भात गंभीर व्यंग आढळलेली, आपत्तीत सापडलेली. चोवीस आठवड्यांनंतर गर्भात मोठे व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवते. मंडळाने तीन दिवसांत मत द्यायचे आणि परवानगी दिली तर पाच दिवसांत प्रक्रिया व्हायची, असा नियम आहे. बाईचा जीवच धोक्यात असेल तर आठवड्यांची मर्यादा नाही. गर्भनिरोधक साधन फसले हे कारण पूर्वी विवाहितेपुरते होते, आता ते कुठल्याही स्त्रीला सांगता येते. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाकडून स्पष्ट केले की चोवीस आठवड्यांच्या सवलतीतूनही अविवाहितेला वगळता येणार नाही.

सही कोणाची? अठरा वर्षांवरच्या स्त्रीची स्वतःची. नवऱ्याची नाही, सासूची नाही, बापाची नाही. अल्पवयीन असेल किंवा मानसिक आजारी असेल तरच पालकाची. तरी दवाखान्यात 'मालकांना घेऊन या' असे सांगितले जाते, आणि बाई मुकाट्याने परत फिरते. त्याच न्यायपीठाने अशा जादा अटी घालू नका, असे डॉक्टरांना बजावले आहे. तिचे नाव कोणाला कळवणे हा कलम ५अ खाली एक वर्षापर्यंत कैदेचा गुन्हा आहे. गावोगावच्या दवाखान्यांत 'गर्भलिंग तपासणी गुन्हा आहे' हे फलक लागलेले असतात, ते योग्यच आहे. सांगली जिल्ह्यात म्हैसाळला २०१७ साली स्त्रीभ्रूणहत्येचे जे प्रकरण उघडकीस आले ते आठवले की लिंगतपासणीविरोधी कायद्याची गरज पटते. पण त्या फलकाशेजारी 'इथे कायदेशीर गर्भपात मोफत होतो' असा फलक क्वचित दिसतो, आणि म्हणून लोकांनी दोन्ही गोष्टी एकच धरल्या. लिंग तपासणे गुन्हा, कायदेशीर गर्भपात नव्हे. हे आशाताईंनी घरोघरी सांगायला हवे.

आता विमा. कंपन्यांचे म्हणणे असे की विमा अनिश्चित घटनेचा असतो. गरोदरपण माणूस ठरवून आणतो, म्हणून ते सामान्य पॉलिसीत बसत नाही. ज्यांना मूल हवे तेच पॉलिसी घेतील आणि लगेच दावा करतील, ही भीतीही त्यामागे आहे. बाळंतपणापुरते हे समजून घेता येईल. गर्भपाताला ते लागू पडत नाही. फसलेली कॉपर टी कोणी ठरवून आणत नाही, बलात्कार तर नाहीच, आणि विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत दिसलेले गर्भाचे व्यंगही नाही. ही सगळी अनिश्चितताच आहे, आणि विमा जिच्यासाठी असतो तीच. तरीही गर्भपात बाळंतपणाच्या पदराला बांधला गेला आहे. आयआरडीएआयच्या व्याख्येत 'मातृत्व खर्च' म्हणजे बाळंतपण आणि कायदेशीर गर्भपात दोन्ही. त्यामुळे जादा हप्ता भरून मातृत्वाचे कवच घेतले तर गर्भपात त्यात येतो, पण त्या कवचाला बहुधा दोन ते चार वर्षांचा वेटिंग पिरिअड असतो. गोळ्यांनी गर्भपात करायची मुदत नऊ आठवड्यांची. दोन वर्षांची वाट आणि नऊ आठवड्यांची मुदत यांचा मेळ कसा बसणार?

कंपनीच्या गटविम्यात परिस्थिती बरी असते. पुण्याच्या आयटी कंपनीतल्या मुलीला किंवा तिथल्या कर्मचाऱ्याच्या बायकोला मातृत्वाचे कवच पहिल्या दिवसापासून मिळण्याची शक्यता असते, रकमेची मर्यादा घालून. पण तिथे दुसरी अडचण उभी राहते, आणि तिच्याबद्दल फारसे कोणी लिहीत नाही. विम्याचा दावा पॉलिसी ज्याच्या नावावर असते त्याच्या नावाने चालतो. मंजुरीचा संदेश त्याच्या मोबाईलवर जातो, पत्र त्याच्या घरी जाते. पॉलिसी नवऱ्याची असेल तर त्याला कळणार, बापाची असेल तर बापाला. कायद्याने रुग्णालयाच्या नोंदवहीत नाव गुप्त ठेवायला लावले, आणि विम्याच्या कागदाने ते घरात आणून टाकले. म्हणून जिला गुप्तता हवी आहे ती बाई विमा असूनही स्वतःच्या पदरचे पैसे देते.

संसदेला विमा सक्तीचा करता येत नाही असे नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २१ मध्ये लिहिले आहे की शारीरिक आजाराला जसा विमा तसाच मानसिक आजाराला. २०२१ च्या सरोगसी कायद्यात गर्भ वाढवणाऱ्या स्त्रीसाठी छत्तीस महिन्यांचा विमा बंधनकारक केला. त्याच वर्षी गर्भपाताचा कायदा दुरुस्त होत होता, पण त्यात विम्याचा शब्दही आला नाही. एक ओळ पुरली असती. ती अजूनही घालता येईल, आणि माझ्या मते घातलीच पाहिजे: कायदेशीर गर्भपाताचा खर्च मातृत्वाच्या यादीतून काढून सामान्य उपचारांत धरावा, वेटिंग पिरिअड नको.

कामगारांच्या बाबतीत कायदा अधिक उदार आहे, आणि दांडेली-गोव्याकडे कामाला जाणाऱ्या बायकांनी हे लक्षात ठेवावे. १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्यात, म्हणजे ईएसआयमध्ये, गर्भपात झाल्यावर सहा आठवड्यांचा भत्ता होता. जो गर्भपात दंडनीय गुन्हा आहे तो वगळून, म्हणजे कायदेशीर गर्भपात धरून. १९६१ च्या प्रसूतीलाभ कायद्यातही गर्भपातानंतर सहा आठवडे पगारी रजा आणि त्यातून आजारपण आले तर आणखी महिना. आता हे सारे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आणले आहे. पण ठेकेदाराकडे हजेरीवर असणारी बाई ही रजा मागायला धजावते का? कापले जाणारे पैसे खरेच ईएसआयमध्ये भरले जातात की नाही, हे तिने आधी तपासावे. ईएसआयचा क्रमांक मागून घ्यावा. तो नसेल तर भत्ताही नाही.

गरिबांसाठीची मोठी योजना आयुष्मान भारत. २३ सप्टेंबर २०१८ ला सुरू झालेली, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. तिच्या उपचारांच्या यादीत कायदेशीर गर्भपात आहे. म्हणजे सरकारी विमा जे देतो ते खासगी विमा नाकारतो. कर्नाटकात ही योजना 'आरोग्य कर्नाटक'शी जोडून चालते. बीपीएल कुटुंबाला पाच लाखांपर्यंत पूर्ण खर्च, एपीएलला ठरलेल्या दराच्या तीस टक्के, वर्षाला दीड लाखापर्यंत. साधे उपचार सरकारी रुग्णालयातच करायचे. ते तिथे होत नसतील तर चिठ्ठी घेऊन पुढच्या, गरज पडल्यास खासगी रुग्णालयात जायचे. तातडीच्या प्रसंगी चिठ्ठी लागत नाही. सरकारी रुग्णालयात तर कार्ड नसले तरी ही सेवा मोफत आहे. म्हणून कागदावर पाहिले तर जोयड्याच्या गरीब बाईला एक रुपयाही लागू नये.

सीमाभागाची आणखी एक गोष्ट आहे. महाराष्ट्राचा ज्यांच्यावर दावा आहे त्या बेळगाव, उत्तर कन्नड (कारवार), बिदर, कलबुर्गी जिल्ह्यांतल्या ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना देण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये घेतला. या दाव्यात सुपे (म्हणजे जोयडा), हल्याळ आणि कारवार हा मुलूख आहे. कर्नाटकाने त्यावर तीव्र हरकत घेतली. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, पण ती तिथे पाच वर्षे राहिलेल्यांची. आणि २०१८ पासून बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात परराज्यातल्या रुग्णांकडून शुल्क घेतले जाते. तीन राज्यांच्या सांध्यावर राहणाऱ्या बाईकडे तीन योजनांची नावे आहेत. पण गरज पडते तेव्हा तिने कोणत्या दारात उभे राहायचे, हे तिला कोणी एका कागदावर लिहून दिलेले नाही.

शिवाय आयुष्मानसारख्या योजनेचे पैसे रुग्णालयात भरती होऊन घेतलेल्या उपचाराला मिळतात. बाहेरून घ्यायच्या गोळ्या त्यात येत नाहीत. आणि आज भारतातले बहुतेक गर्भपात गोळ्यांनीच होतात. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये जानेवारी २०१८ ला प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने २०१५ साली देशात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाल्याचा अंदाज दिला. त्यातले जवळपास तीन चतुर्थांश आरोग्य केंद्राबाहेर, गोळ्यांनी झाले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत गर्भपात केलेल्या स्त्रियांपैकी चारांत एकीहून अधिक जणींनी तो स्वतःच, घरी केल्याचे सांगितले. मिफेप्रिस्टोनला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि दोन्ही औषधांचा संच २००८ मध्ये आला. मिफेप्रिस्टोनची एक गोळी आणि मिसोप्रोस्टॉलच्या चार गोळ्या, नऊ आठवड्यांच्या आत. औषध डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायचे आहे. नीट घेतले तर ते सुरक्षित आहे. पण गर्भ नलिकेत असेल, रक्त फार जात असेल किंवा गर्भाचा काही भाग आत राहिला असेल तर दवाखाना गाठावाच लागतो, आणि तो गाठायला जंगलातून किती वेळ लागतो हा जोयड्यात जीवनमरणाचा प्रश्न आहे.

नऊ आठवड्यांचा हिशेब नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण इथेच बायका फसतात. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. पाळी चुकली त्याच दिवशी गरोदरपण चार आठवड्यांचे धरले जाते. आठ-दहा दिवस 'येईल' म्हणून वाट पाहिली, मग तपासणीची पट्टी आणली, मग घरात कोणाला सांगायचे याचा विचार केला, तोवर सहा-सात आठवडे झालेले असतात. गोळ्यांच्या मुदतीचे फक्त दोन-तीन आठवडे उरतात. त्यात पाऊस असतो, भाताची लावणी असते, गावाला येणारी बस चुकते. मुदत टळली की गोळ्यांच्या जागी पिशवी साफ करण्याची प्रक्रिया, पुढे मोठे रुग्णालय, कारवारला घाट उतरून किंवा हुबळी-बेळगावला. दर आठवड्याला खर्च वाढतो, आणि वाढलेला खर्च बहुतेक औषधाचा नसतो. जीपचे भाडे, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, धाकट्या मुलाला कोणाकडे ठेवायचे ती सोय, बाहेरचे जेवण. यातला एकही पैसा कुठलीही विमा योजना देत नाही.

म्हणून जोयड्यासाठी मला विम्याहून जवळचा डॉक्टर मोलाचा वाटतो. नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी गर्भपात करण्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञच लागतो असे नाही. २०२१ च्या नियमांनुसार प्रशिक्षण घेतलेला एमबीबीएस डॉक्टर ते काम करू शकतो. सरकारी आरोग्य केंद्राला त्यासाठी वेगळी मान्यताही लागत नाही. एका डॉक्टरचे प्रशिक्षण, कपाटात गोळ्यांचा साठा आणि रक्तस्राव झाल्यास पुढे नेणारी १०८ ची गाडी, एवढ्यावर हे भागते. व्याघ्र प्रकल्पाच्या वस्तीतल्या बाईला पाच लाखांच्या कार्डापेक्षा हे अधिक उपयोगी पडेल.

सेवा जवळ असली तरी पैसा आडवा येतो, हा धडा नेपाळ न्यायालयात शिकला. तिथल्या सुदूर पश्चिमेकडच्या लक्ष्मी ढिकता या स्त्रीला सहावे मूल नको होते. कायद्याने गर्भपाताला परवानगी होती, पण रुग्णालयाचे १,१३० रुपये तिच्याकडे नव्हते. तिला ते मूल जन्माला घालावे लागले. २००९ मध्ये नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की परवडत नसेल तर हक्काला अर्थ नाही, सरकारने सोय करावी. पुढे सरकारी केंद्रांत सेवा मोफत झाली आणि २०१८ मध्ये तसा कायदा आला. उलटे उदाहरण अमेरिकेचे. तिथे १९७६ च्या हाइड दुरुस्तीपासून गरिबांच्या सरकारी विम्यातला केंद्राचा पैसा काही अपवाद सोडता गर्भपाताला वापरता येत नाही. २०२२ मध्ये संविधानातला हक्क गेला, पण गरीब बायकांच्या हातून तो चाळीसहून अधिक वर्षे आधीच निसटलेला होता. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या मराठी मुलींनीही आपल्या राज्यात विमा काय देतो हे आधीच पाहून ठेवावे. कॅलिफोर्निया-न्यूयॉर्कचे आणि टेक्सासचे उत्तर एक नाही.

कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी. कर्नाटकात निम्म्याहून अधिक विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आहे, आणि शस्त्रक्रिया क्वचित फसते. तशी फसून दिवस गेले तर गर्भपाताचा हक्क आहेच, शिवाय सरकारच्या कुटुंबनियोजन नुकसानभरपाई योजनेतून पैसेही मिळतात. २००५ मध्ये ती विमा म्हणून सुरू झाली, २०१३ पासून सरकार स्वतः भरपाई देते. शस्त्रक्रियेचे प्रमाणपत्र लागते आणि अर्ज मुदतीत करावा लागतो. ते प्रमाणपत्र ट्रंकेत जपून ठेवा.

पॉलिसी असेल तर अठरावे कलम वाचा. मातृत्वाचे कवच आहे का, त्यात गर्भपात धरला आहे का, हे लेखी विचारा. दावा नाकारला तर कंपनीकडे तक्रार करा, तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जा. त्याला वकील लागत नाही, फी नाही. आयुष्मानची चौकशी १४५५५ वर होते. आणि जोयड्याच्या पंचायत सदस्यांना, महिला संघांना, शिक्षकांना माझी विनंती आहे. तालुक्याच्या पुढच्या केडीपी, म्हणजे विकासकामांचा आढावा घेणाऱ्या, बैठकीत आरोग्याधिकाऱ्यांना तीन गोष्टी विचारा: तालुक्यातल्या किती डॉक्टरांनी गर्भपात सेवेचे प्रशिक्षण घेतले आहे, कोणत्या केंद्रात गोळ्यांचा साठा आहे, आणि ही सेवा मोफत असल्याचा मराठी-कोकणी-कन्नड फलक कुठे लावला आहे. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या, आणि पुढच्या बैठकीत तेच तीन प्रश्न पुन्हा विचारा.